गिअर सुटण्याआधी

चूक माझी होती, हे आधी सांगतो. नाहीतर पुढचं वाचताना तुमचं लक्ष भलतीकडेच जाईल.

बिबवेवाडीत माझं गॅरेज आहे. ऑटोमॅटिक गाड्यांचे गिअरबॉक्स, एवढंच काम. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता. आमच्या धंद्यात प्रत्येक आवाजाला कारण असतं. सापडलं नाही तर शोधणारा कमी पडला असं समजायचं. आता मात्र…

गेल्या उन्हाळ्यात सदाशिव पेठेतल्या दामले काकू त्यांची गाडी घेऊन आल्या. गणिताच्या निवृत्त शिक्षिका. सोबत मुलगा, निखिल. तक्रार अशी – बराच वेळ गाडी चालली की चढावर मध्येच इंजिन नुसतं ओरडतं, गाडी ओढत नाही. क्षणभरच. मग परत ठीक.

मी स्कॅनर लावला. एकही फॉल्ट नाही. गल्लीत चक्कर मारली, गाडी अगदी मऊ चालली.

"काकू, दोन्ही पाय वापरता का हो? डावा ब्रेकवर राहत असेल." आयुष्यभर क्लच दाबलेली माणसं ऑटोमॅटिकवर हे हमखास करतात.

"डावा घरी ठेवून येत जाऊ का?"

"तसं नाही, पण स्कॅनर काहीच दाखवत नाहीये."

"चढावर विचारलंत का त्याला? गल्लीत ती माझ्याशीही नीटच वागते."

बरोबर बोलत होत्या. गिअरबॉक्सचं तेल तापल्यावर येणारा दोष थंड गाडीत दिसत नाही, हे मला माहीत होतं. गाडी तापवून, चढावर नेऊन, त्यांना शेजारी बसवून बघायला हवं होतं. पण ऊन मी म्हणत होतं, दारात गाड्या खोळंबल्या होत्या, आणि खरं सांगायचं तर त्यांचं बोलणं मला लागलं होतं. मी निखिलकडे वळलो आणि त्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणालो, "आईंना ऑटोमॅटिक झेपत नाहीये. किल्ली तुमच्याकडेच ठेवा."

काकूंनी पर्स उचलली आणि गाडीत मागच्या सीटवर जाऊन बसल्या.

हिवाळ्यात निखिल तीच गाडी घेऊन आला. "विकायची आहे, एकदा तपासून द्या. बाबा गेले. आई आता चालवत नाही."

या वेळी मी गाडी नीट तापवली. भर दुपार, गाडीत मी एकटा. गंगाधाम चौकातून वरच्या चढाला लागलो आणि माझ्या सीटच्या पाठीवर मागून कोणीतरी दोनदा वाजवलं. टक… टक. काहीतरी कडक वस्तू प्लॅस्टिकवर आपटावी तसं. मी आरशात पाहिलं. मागे कोणी नव्हतं. आणि तेवढ्यात इंजिन ओरडलं, गाडी सुटली, म्हणजे गिअरची पकड गेली. क्षणभरच.

पुन्हा चक्कर मारली. पुन्हा तेच… आधी आवाज, मग गाडी सुटणार. माझा भागीदार शिरीष याला मागे बसवलं. गाडी सुटली, पण टकटक नाही.

"गिअरबॉक्समध्ये घालून तेल उरलं तर थोडं तुझ्या कानात घाल," शिरीष म्हणाला.

सीट काढली, बेल्टची बकलं बघितली, डिकीतला जॅक बाहेर ठेवला. एकटा निघालो की टकटक होतीच. शेवटी लॅपटॉप जोडून तेलाचा दाब रेकॉर्ड केला. आवाज आला तेव्हा दाब चांगला होता. पडला त्यानंतर. म्हणजे बिघाडाचा तो आवाज नव्हताच. बिघाड व्हायच्या आधी तो येत होता.

आत एक छोटा व्हॉल्व तापला की अडकायचा. तो बदलला. गाडी सुटायची थांबली. टकटकही थांबली.

गाडी द्यायला मी स्वतः सदाशिव पेठेत गेलो. निखिल आतल्या खोलीत कॉलवर होता. काकूंना व्हॉल्वचं सांगितलं. टकटकीचं सांगावं की नाही कळेना… पण सांगितलं.

त्यांनी चहाचा कप खाली ठेवला. 

"ह्यांची वाचा गेली होती, पक्षाघातानंतर. दर आठवड्याला मीच फिजिओथेरपीला न्यायचे. मागे पाय लांब करून बसायचे, आणि अंगठीने सीटवर वाजवायचे. दोनदा. मला वाटायचं, माझ्या चालवण्याला घाबरतात. तुम्ही ते तसं म्हणालात, मग खात्रीच झाली. किल्ली मी परत मागितलीच नाही. निखिलला दिवसा ऑफिस, रिक्षात ह्यांना बसवता येईना… जाणंच थांबलं. मग अंथरुणाला खिळले ते खिळलेच."

मला विचारल्याशिवाय राहवेना. "काकू, गाडी सुटल्यावर वाजवायचे, की आधी?"

त्या विचार करू लागल्या. गणित पुन्हा तपासून बघावं तशा.

"आधी," त्या म्हणाल्या. "आधी वाजवायचे."

"मग ते घाबरत नव्हते. गाडी सुटणार हे त्यांना कळायचं. तुम्हाला सावध करत होते."

काकूंनी पदर तोंडाशी नेला.

पाय लांब करून शांत बसलेल्या माणसाला गाडीची थरथर आधी कळू शकते, हे मी समजू शकतो. पण ते गेल्यावर, रिकाम्या गाडीत माझ्या पाठीमागे कोण वाजवत होतं? शिरीषला विचारलं तर तो विषय बदलतो.

मी निखिलला बाहेर बोलावलं. तो हेडफोन गळ्यात घालून आला. त्याच्यासमोरच बोलायला हवं होतं, कारण त्याच्यासमोरच मी ते बोललो होतो.

"निखिल, बिघाड गाडीत होता. तुमच्या आई बरोबर चालवत होत्या, आणि बरोबरच सांगत होत्या. मी गाडी न तपासता त्यांना दोष दिला." मग मी काकूंकडे वळलो, पण त्यांच्याकडे बघवेना. "काकू, माझं चुकलं. तुमचं आणि काकांचं जे गेलं ते मला परत देता येणार नाही. मला माफ करा."