घटाशेजारची वाटी

माझी देवभक्ती प्रसादाच्या वाटीपलीकडे कधी गेली नव्हती. तरी त्या नवरात्रात अखंड दिव्याची जबाबदारी माझ्यावर आली, कारण घरात रिकामा मीच होतो. कंपनीनं मला नुकतीच स्वेच्छानिवृत्ती दिली होती. त्यात स्वेच्छा कुणाची होती, हे विचारू नये. आईचे गुडघे धरले होते आणि हिची शाळा चालू होती. घट उठेपर्यंत दिवा विझता कामा नये, असं आई पलंगावरून बजावत होती. ज्याला साधं दूध उतू न घालवता तापवता येत नाही, त्याच्यावर देवी कशी काय विसंबून राहणार, ही माझी शंका मी मनातच ठेवली.

त्यातच घट बसले त्या सकाळी आमच्या लव्हबर्डच्या जोडीनं नुकतंच अंड्यातून निघालेलं पिल्लू पिंजऱ्यातल्या मडक्याबाहेर ढकललं. मी परत आत ठेवलं, त्यांनी परत ढकललं. भिजवलेल्या शेंगदाण्याएवढं, उघडं, गुलाबी, डोळे मिटलेलं. शाळेला निघताना ही पिंजऱ्यात डोकावली आणि म्हणाली, "तुम्हा दोघांनाही बाहेर काढलंय. जमेल तुमचं."

मग मी नाचणीच्या सत्त्वाची पातळ पेज करून ड्रॉपरनं थेंब थेंब भरवायला लागलो. एक थेंब चोचीत, चार माझ्या बाहीवर. वाटीत कापूस घालून त्याला निजवलं आणि वर टेबललॅम्प लावला. दिव्याला तेल, पिल्लाला पेज, आईला चहा, पुन्हा दिव्याला तेल. कंपनीत इतकं काम केलं असतं, तर बहुधा अजून तिथंच असतो.

पण भारनियमनापुढे कुणाचं चालतं? दुसऱ्याच दुपारी वीज गेली, लॅम्प विझला आणि पिल्लू गार पडत चाललं. चोच उघडेना. मी वाटी छातीशी धरून घरभर फिरत होतो, तेवढ्यात दारात कुणीतरी जोगवा मागितला. गळ्यात कवड्यांची माळ, हातात परडी, बाई अनोळखी. गोंधळात मी हातातली वाटीच पुढे केली.

तिनं आत डोकावून पाहिलं. "दादा, ह्यो माझा जोगवा नाय," ती हसून म्हणाली. "हे तर तुमच्याच दारी मागाया आलंय. गारठलंय लय. घट बसल्यात ना? ठेवा की दिव्यापाशी."

देवघरात पक्षी? आतून आईनं लगेच हरकत घेतली. सोवळ्याचं काय, आणि ते शिटलं तर?

"आये, तिचंच लेकरू हाय. शिटलं तर ती बघंल."

आईनं हरकत मागे घेतली, हे मी जन्मात पहिल्यांदा पाहिलं. मी परडीत पीठ वाढलं आणि ती गेली. जोगवा पाच घरी मागतात, पण शेजारी कुणाकडेच ती आली नव्हती म्हणे. ती कोण होती हे आपल्याला ठाऊक आहे, असं आई म्हणते. मी वाद घालत नाही. वाटी दिव्याशेजारी ठेवली, आणि थोड्या वेळानं पिल्लानं आ वासला, एवढं मी पाहिलं.

अष्टमीला जेवणानंतर खुर्चीत माझा डोळा लागला. पिल्लाच्या ओरडण्यानं जाग आली. एवढ्याशा देहात एवढा आवाज कुठून येतो कोण जाणे. करवादत पेज घेऊन देवघरात गेलो, तर समईतलं तेल संपलेलं, वात फडफडत शेवटच्या घटकेला आलेली. घाईघाईनं तेल घातलं. ज्योत सरळ झाली आणि मी तिथंच बसून पेज भरवायला लागलो. दिवा पिल्लाला जपत होता, पिल्लू दिव्याला. मी आपला मधला हमाल. इतके दिवस छातीवर बसलेलं ओझं उतरल्यासारखं वाटलं.

दसऱ्याला त्याचे डोळे किलकिले झाले. पहिलं दर्शन देवीचं घडावं म्हणून आई भिंतीला धरून आली आणि तिनं वाटी घटाकडे वळवली. पिल्लानं मान नेमकी माझ्याकडे फिरवली.

"बिचाऱ्यानं डोळे उघडले," आई म्हणाली, "आणि समोर काय, तर तू."

त्या मिटल्या डोळ्यांनी मला जे दिलं, ते फिटणारं नाही. भरवणारा हात किती धांदरट आहे हे त्याला कधी दिसलं नाही. त्यानं फक्त चोच उघडली आणि मिळेल ते घेतलं. तेव्हापासून देवापुढे बसलो की मीही डोळे मिटतो आणि फार चौकशी करत नाही. आईचं म्हणणं, आता तोंडही मिटून बसायला शीक.