कवळीची जप्ती

बाबांच्या टेरीकॉटच्या शर्टाबद्दल आमच्या घरात कुणी काही बोलत नाही. मी बोलले. बोथ गावच्या शाळेत विज्ञान शिकवते, तोंड आवरत नाही. म्हटलं, "बाबा, ह्यातला निम्म्याहून जास्त धागा कापसाचा नाहीच. जमिनीतून कच्चं तेल निघते, त्यातून पॉलिस्टर होते. पेट्रोलचा सख्खा भाऊ अंगात घालून फिरता तुमी."

बाबांचे आईवडील जन्मभर दुसऱ्यांच्या शेतात कापूस वेचत राहिले. तो शर्ट आपल्याच कापसाचा, असा बाबांचा पक्का समज. त्यांनी तो तिथंच उतरवला. "कापूस वेचनाऱ्याच्या घरात तेलाचं काई नोको. आनखी काय काय हाय तेलाचं?"

बाबा तहसील कचेरीतले निवृत्त कारकून. कचेरीत जप्ती करायचे तशी त्यांनी घराची जप्ती मांडली. आई पंच, मी तज्ज्ञ! बादल्या, चपला, कंगवे, चटई.

"हे?"

"तेलाचं."

"अन् हे?"

"ते पन."

माल भरायला पोतं आणलं, तर तेही प्लास्टिकचं. बाबांनी आधी पोतंच जप्त केलं. आता ते कशात भरायचं, यावर दोघा म्हाताऱ्यांचा अर्धी सकाळ वाद. माझं डोकं सटकलं. "तुमची कवळी पन तेलाचीच हाय. अ‍ॅक्रिलिक म्हनतेत त्याले."

बापा रे! बाबांनी कवळी काढली आणि बादलीत टाकली.

त्या दिवसापासून भाकर बंद. मऊ भात कालवून दिला, तर "मी काय लेकरू हाओ?" म्हणून ताट सरकवायचे. पेलाभर आंबिलीवर दिवस काढायचे. गाल आत गेले, उठताना तोल जायला लागला. आई रोज ताट घेऊन समोर उभी राहायची आणि ताट तसंच परत न्यायची. मला भीती वाटायला लागली, आणि भीती वाटली की मी भांडते.

"मंग डोळा पन काढा!" एका दुपारी मी ओरडलेच. "मोतीबिंदू काढून उजव्या डोळ्यात भिंग बसवलं ना? ते बी कवळीच्याच घराण्यातलं हाय. करा जप्ती!"

खरं सांगते, बाबांनी उजव्या डोळ्यावर तळहात ठेवला. डाव्याचं ऑपरेशन अजून व्हायचं होतं. समोर आई.

"कोन हाय?"

"कोन म्हंजे? मी हाओ ना!"

"दिसून नाही राह्यली."

मला हसू फुटलं. आईही पदर तोंडावर धरून हसली. बाबांनी हात काढला आणि आईकडे बघतच राहिले.

"काऊन वाळली वं तू एवढी?"

"तुमी जेवून नाही राह्यले," आई म्हणाली. "मंग मी कशी जेवू?"

बाबांनी कवळीसाठी बादलीकडं हात पुढं केला.