खोली नंबर चौदाचे मामा

"सोबत जेंट्स कोण?" मॅनेजरने विचारले.

नागपूरच्या एका लॉजच्या काउंटरवर उभा राहून मी रजिस्टर भरत होतो. पाच नावे लिहून झाली होती. पाचही मुलींची. सहाव्या ओळीवर माझा पेन थांबला.

"कोणी नाही. मैत्रिणी आहेत. एकीचं पुढच्या महिन्यात लग्न आहे. दोन दिवस फिरतील, साड्या घेतील, परत जातील."

"मग रूम नाही. मालकांचा नियम तुम्हाला माहीत आहे. लेडीज पार्टी एकटी ठेवत नाही आपण."

"एकटी कुठे? पाच जणी आहेत."

"पाच जणी म्हणजे पाचपट एकटी," असे म्हणून तो हसला. मीही हसलो. ते हसणे मला अजून आठवते.

१९८०च्या दशकात नागपूरजवळच्या, पण मध्य प्रदेशातल्या सौंसरच्या बसस्टँडसमोर माझे बुकिंग ऑफिस होते. एक टेबल, एक टेलिफोन, दोन खुर्च्या. गावातल्या लोकांना नागपूरला कामासाठी, दवाखान्यासाठी, खरेदीसाठी जायचे असले की बसच्या सीटा आणि लॉजच्या खोल्या मी ठरवून देई. लोक मला बुकिंगवाले म्हणत. माझे खरे नाव पुष्कळांना ठाऊकही नव्हते.

त्या काळी लॉजचे रजिस्टर ही मोठी गोष्ट होती. नाव, वय, कुठून आला, सोबतच्या माणसाशी नाते, येण्याची वेळ, जाण्याची वेळ आणि शेवटी जाताना करायची सही, असे रकाने. पोलीस कधीही येऊन ते पाहत. नियमाने प्रत्येकाने आपली नोंद स्वतः करायची. पण मी दर गुरुवारी नागपूरला जाई आणि शनिवार-रविवारच्या पार्ट्यांची नावे आधीच लिहून ठेवी. याला आम्ही आगाऊ नोंद म्हणत असू. गिऱ्हाईक पोचले की किल्ली घेऊन सरळ वर. मॅनेजरचा त्रास वाचे, माझे नाव होई.

या पाच मुलींत पुढाकार पुष्पाचा होता. ती सरकारी दवाखान्यात नर्स होती. जिचे लग्न होते ती सुनंदा, शाळेत मास्तरीण. उरलेल्या तिघी तिच्याच शाळेतल्या मास्तरणी. एका दुपारी पाचही जणी माझ्या ऑफिसात आल्या आणि दोन खुर्च्यांवर दाटीवाटीने बसल्या.

"काकाजी, हिले लग्नाआधी नागपूर दाखवायचं आहे," पुष्पा म्हणाली. "एकदा पांढुर्ण्याले सासरी गेली का मंग हिले कोन सोडून राह्यलं?"

"मी पाह्यलं आहे वं नागपूर," सुनंदा म्हणाली.

"बाबाच्या मागं मागं फिरून पाह्यलं. आमच्या संगं नाई पाह्यलं."

आता माझी नात मैत्रिणीच्या लग्नाआधी पाच-सहा जणींबरोबर पुण्याला गेली. त्या जाण्याला आता एक इंग्रजी नाव आहे आणि घरात कोणाला त्यात काही वाटत नाही. तेव्हा आमच्या गावात अशा कामाला नावच नव्हते. म्हणून मला ते आवडले होते. मी कागदावर सगळे मांडून दिले. शनिवारी सकाळची बस, दुपारी मॅटिनी, नंतर सीताबर्डीला खरेदी. रविवारी सकाळी दीक्षाभूमी, मग जेवण, पाचची बस. मुली तो कागद एकमेकींच्या हातातून ओढून वाचत होत्या.

मी सवयीप्रमाणे प्रत्येकीला विचारले, काही झाले तर घरी कोणाला कळवायचे? चौघींनी वडिलांची नावे सांगितली. सुनंदा थांबली. "मामाले कळवा म्हटलं असतं," ती म्हणाली. "किसनमामानंच शिकवलं मले. पन ते तीन वर्षं झाले, गेले. बाबाचंच लिहा."

दुसऱ्या दिवशी तिचे वडील आले. संत्र्याच्या बागेत मजुरी करणारा माणूस. खुर्चीवर बसायला तयार नाही. उभ्यानेच म्हणाला, "बुकिंगवाले भाऊ, पोरगी तुमच्या भरोशावर धाडून राहिलो. सासरकडचे लोक लय कडक आहेत. काई बोल नाई आला पायजे."

"माझ्यावर सोडा," मी म्हणालो.

तर काउंटरवर माझ्यापुढे दोन रस्ते होते. एक, सहाव्या ओळीत माझे स्वतःचे नाव लिहायचे आणि शनिवारी मुलींबरोबर यायचे. पण शनिवारी माझी दुसरी मोठी पार्टी होती, ती मला सोडायची नव्हती. दोन, एखादा मामा कागदावर उभा करायचा. जिवंत माणसाचे लिहावे तर तो उद्या विचारायला येईल. बनावट लिहावे आणि मॅनेजरने मुलींना मामांचे नाव विचारले तर त्या अडखळतील. सुनंदाच्या किसनमामांचे नाव तर तिच्या तोंडीच होते, आणि मेलेला माणूस तक्रार करायला येत नाही, असा मी विचार केला.

मी लिहिले: किसनराव, वय पंचावन्न, राहणार सौंसर, नाते मामा.

"मागून येतील, कामावरून सुटले की," मी मॅनेजरला सांगितले. पुष्पाला गावात सांगितले, सोबतच्या माणसाचे विचारले तर मामा मागून येऊन राहिले म्हणायचे. कोणाचे नाव लिहिले ते तिलाही सांगितले नाही.

माझी पार्टी शनिवारी रात्रीच मोकळी झाली. रविवारी मुलींना परत आणायला मी नागपूरला गेलो. लॉजवर पोचलो तेव्हा दुपारचा एक वाजला होता. चांगले लख्ख ऊन होते. दुसऱ्या मजल्याच्या गॅलरीत चौदा नंबरच्या दाराबाहेर एक वेताची खुर्ची ठेवलेली होती. पूर्वी तिथे खुर्ची नसे. शेजारी जमिनीवर चहाचा रिकामा कप.

त्या मजल्याचा वेटर जुना माणूस होता. पन्नाशी उलटलेला, मोजके बोलणारा. मी विचारले, "पार्टी ठीक आहे ना?"

"एकदम ठीक. मामा आहेत ना सोबत. कालपासून दाराबाहेरच बसून आहेत. म्हणून खुर्ची दिली आणून."

"कोण मामा?"

त्याने माझ्याकडे पाहिले. "तुम्हीच तर नाव लिहिलं म्हणे. सडपातळ, धोतरवाले. काही बोलत नाहीत. चहा दिला की घेतात. हे काय, आत्ता खाली गेले. जिन्यात दिसले असतील तुम्हाला."

जिन्यात मला कोणी दिसले नव्हते. मी खुर्चीजवळ गेलो. वेताच्या विणीत पांढरे काहीतरी अडकले होते. बोटाने काढले तर कापसाचे तंतू. उशी ठेवली असेल, असे मी मनाशी म्हणालो. लॉजमध्ये उशा असतातच.

आतून हसण्याचा आवाज येत होता. दार वाजवले तर पुष्पाने उघडले. पलंगावर साड्या पसरलेल्या होत्या.

"या काकाजी! तो वेटर आमाले वेडं करून राह्यला. पाच चहा सांगतले का सहा आनते. आमी म्हनतो मामा मागून येऊन राहिले, तर तो हासते. वरून सहावा कप रिकामाच नेते!"

"तोच पीत असंल वं," दुसरी म्हणाली आणि सगळ्या पुन्हा हसल्या.

सुनंदा हसली नाही. ती उघड्या दारातून त्या खुर्चीकडे पाहत होती. तिच्या चेहऱ्यावर भीती मात्र नव्हती. घरचे माणूस गावाला निघाले की आपण जसे पाहतो, तसे ती पाहत होती.

चार वाजता खाली उतरलो. जाण्याच्या रकान्यात मुलींनी एकेक करून सह्या केल्या. सुनंदाने शेवटी केली. सही करून ती तिथेच वाकून राहिली, मग बाजूला झाली. मी पुढे होऊन पाहिले. सहाव्या ओळीत, मी लिहिलेल्या नावापुढे, निळ्या शाईचा अंगठा होता. शाई अजून ओली होती. ठसा अर्धाच होता. वरची बाजू सरळ रेषेत कापल्यासारखी.

"हे कोणी केलं?" मी हळूच विचारले.

"मामांनी. आत्ताच गेले," मॅनेजर म्हणाला. "सही करा म्हटलं तर अंगठा पुढे केला. घाईत नीट उमटला नाही. चालतं."

मी रजिस्टर मिटले. नियमासाठी रकाना भरलेला हवा, म्हणून मॅनेजरनेच अंगठा उठवला असेल, असे मी स्वतःला समजावले. वर्षानुवर्षे समजावत आलो. येताना बस गच्च भरली होती. माणसे दांड्याला लटकून उभी होती. सुनंदाच्या शेजारची सीट सौंसर येईपर्यंत रिकामी होती. तिथे कोणी बसले नाही, आणि कोणी विचारलेही नाही.

दोन आठवड्यांनी नवऱ्या मुलाचा मोठा भाऊ कामासाठी नागपूरला गेला. आमच्या भागातले लोक त्याच लॉजला उतरत, कारण मीच तिकडे पाठवत असे. वेटरने गप्पांत सांगितले, तुमच्याकडच्या पाच पोरी आल्या होत्या, फार सभ्य, सोबत मामा दोन दिवस दाराबाहेर बसून. भावाला ठाऊक होते की सुनंदाचा मामा हयात नाही. त्याने रजिस्टर मागून घेतले. मेलेल्या माणसाचे नाव आणि ताजा अंगठा त्याने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला.

तो माझ्या ऑफिसात आला. सोबत सुनंदाचे वडील, पुष्पा आणि सुनंदा.

"भाऊ, मले एकच सांगा," तो म्हणाला. "मामाचं नाव घेऊन त्या लॉजमंदी कोन मानूस होता?"

पुष्पा मध्येच बोलली. "कोनीच नव्हतं! या काकाजींनीच सांगतलं होतं, मागून येऊन राहिले म्हना म्हनून. सांगा ना काकाजी."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. खोटी नोंद केल्याचे कबूल केले तर लॉजचा मॅनेजर अडकणार, पोलीस विचारणार, माझे ऑफिस बंद होणार. शिवाय मी खरे सांगितले तरी वेटरने पाहिलेल्या माणसाचे काय? या दुसऱ्या प्रश्नाचा मी नंतर पुष्कळ आधार घेतला. त्या क्षणी डोक्यात फक्त ऑफिस होते.

"मी खोली ठरवून दिली," मी म्हणालो. "आत कोण आलं, कोण गेलं, मला माहीत नाही. मी असं काही सांगितलं नव्हतं."

भाऊ सुनंदाकडे वळला. "तू सांग. कोन होता?"

ती शांतपणे म्हणाली, "मामाच होते."

"मामा मरून तीन वर्षं झाले ना?"

"हो. पन मामाच होते."

तिचे वडील खाली बसले. खुर्ची असूनही जमिनीवर बसले. भाऊ निघून गेला. लग्न मोडले. मुलगी खोटे बोलते किंवा डोक्यावर परिणाम झाला आहे, असे दोन्हीकडून बोलले गेले. पुन्हा कोणी तिला मागणी घालायला आले नाही. ती शिकवत राहिली, हेडमास्तरीण होऊन रिटायर झाली. एवढी वर्षे ती माझ्या घरापासून दोन गल्ल्या सोडून राहते. पुष्पा बदली होऊन पांढुर्ण्याला गेली. मी ठरवलेल्या बसमध्ये ती पुन्हा कधी बसली नाही.

गेल्या महिन्यात, नात पुण्याहून फोटो दाखवत बसली त्याच्या दुसऱ्या दिवशी, मी सुनंदाकडे गेलो. सकाळची दहाची वेळ. तिने ओळखले, बसायला सांगितले. मी सगळे सांगितले. ते नाव मी लिहिले होते. तिकडे कोणी माणूस नव्हता. मी सगळ्यांसमोर खोटे बोललो. हे आता मी लिहून छापायला देईन, चारचौघांत सांगेन, असे म्हणालो.

तिने ऐकून घेतले. मग म्हणाली, "काकाजी, तुमी आमच्या मामाले कधी पाह्यलं होतं?"

"नाही."

"मामा जिनिंगमंदी कामाले होते. कापसाच्या मशीनमंदी त्यायचा अंगठा गेला, अर्धा. पगाराच्या कागदावर अर्धाच ठसा उठे. लहानपनी आमी पोरं त्याले हासत होतो."

खुर्चीवरचे तंतू मला आठवले.

"तुमी नाव लिवलं, त्याचा मले राग नाई," ती म्हणाली. "तुमी लिवलं म्हनून तर आले. मेलेला मानूस दोन दिवस दाराबाहेर बसला, जाताना अंगठा पन देऊन गेला. तुमी तर जिते होते. दोन गल्ल्या सोडून. तुमी नाई आले."

तिने चहा दिला. मी तो पिऊन घरी आलो.

झाले ते असे. सुनंदाबरोबर त्या लॉजमध्ये कोणी परका पुरुष नव्हता. ती नोंद माझ्या हाताची आहे. मरेपर्यंत कोणीही विचारले तरी मी हेच सांगेन. अंगठ्याबद्दल मला काही सांगता येत नाही.

या धंद्यात आता जी मुले आहेत त्यांना एकच सांगतो. कागदावर माणूस लिहाल तर तो येईल असे धरून लिहा. त्या रजिस्टरच्या सहाव्या ओळीत माझे नाव बसले असते. जागा होती.