चुळीवरून गल्ली ओळखणारा

धाराशिवात आमच्या गल्लीतल्या बोअरच्या मोटारी दुरुस्त करणारा मिस्त्री आधी ओंजळभर पाणी तोंडात घेतो. डोळे मिटून खुळखुळवतो, थुंकतो आणि गंभीरपणे निकाल देतो, "संडासचा खड्डा जवळ हाय." आम्ही हसून घरोघर फिल्टर बसवले, खड्डे तसेच ठेवले.

परवा तो शहराच्या खालच्या अंगाला, माझ्या सासुरवाडीत नदीकाठच्या पंगतीला भेटला. सवयीनं त्यानं नदीच्या पाण्याची चूळ भरली, डोळे मिटले, अन् जुना दोस्त भेटल्यागत खुलून ओरडला, "साहेब, तुमच्या गल्लीचं पाणी हितवर आलंय की! उन्हाळ्यात नदीला पाणी जमिनीखालनंच येतंय, व्हय ना?"

अख्खी पंगत माझ्याकडं वळली. सासऱ्यांनी नदीतून भरून आणलेला तांब्या हळूच माझ्यापुढं सरकवला.

"घ्या जावईबापू. तुमचंच हाय."