लाजेआडची मुलगी

माझ्या कादंबरीतली मुलगी शेवटच्या प्रकरणाच्या उंबरठ्यावर अडून बसली होती, ते दिवस थंडीचे होते. भंडाऱ्याजवळच्या जवाहरनगरातल्या आमच्या क्वार्टरमागच्या अंगणात शेवग्याची बारीक पानं उन्हातून तरंगत खाली येत आणि माझ्या कागदांवर हिरवट ठिपक्यांसारखी पडून राहत. मी कवितेतून आलेली. कवितेत एखाद्या स्तब्धतेपाशी थांबता येतं. कादंबरी मात्र रोज सकाळी विचारते, मग पुढे काय झालं?

ती मुलगी नाकाडोंगरीच्या पलीकडच्या, जंगलाला टेकलेल्या एका गावची. भाताची शेती असलेल्या घरातली. भंडाऱ्याला कॉलेजात शिकायला आलेली आणि एका बौद्ध कुटुंबाच्या वरच्या खोलीत भाड्याने राहणारी. आवाज इतका बारीक, की एसटीच्या कंडक्टरला तिचं गाव दोनदा विचारावं लागे. तिच्या गावात एक रीत होती, तशी मीही लहानपणी जवळून पाहिलेली. न शिजलेल्या वस्तू तिच्या आणि बौद्ध, अशा दोन्ही वस्त्यांत मोकळ्या फिरत. सुपातले नवे पोहे, चिंच, वांगी, तलावातले झिंगे. पण बौद्ध वस्तीतल्या चुलीवर शिजलेलं काही तिच्या घरात येत नसे. हे कुणी बोलून शिकवलं नव्हतं. आपल्या घराचा वास जसा अंगात मुरतो, तसं ते तिच्यात मुरलेलं होतं.

म्हणून संध्याकाळी ऑफिसातून आल्यावर घरमालकीण भाजीची वाटी वर घेऊन आली, की ही मान खाली घाली. "पोट भरलं आहे, काकू." मालकीण वाटी जिन्यावरच ठेवून जाई आणि खाली कौतुकानं सांगे, "लय लाजरी पोरगी आहे." लाज खरी होती, पण तिच्याआड दुसरंही काही सुखानं राहत होतं, आणि त्याला कुणी कधी हाक मारली नव्हती. मला मुलीला तिथून बाहेर आणायचं होतं. ते एक पाऊल खोटं पडलं असतं, तर मागची सगळी पानं पोकळ ठरली असती. प्रकाशक हस्तलिखित मागत होते आणि मी ते पाऊल लिहू शकत नव्हते.

शेवटी लिहिलं आणि शेजारच्या ताईंना वाचून दाखवायला गेले. ताई गणिताच्या शिक्षिका. त्यांच्या आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हापासून त्यांचं घर बौद्ध. रविवारी मी वाचायचं आणि त्यांनी ताटात लाखोळीची डाळ निवडत ऐकायचं, असा आमचा परिपाठ होता. पितळी ताटावर दाण्यांची हलकी सळसळ चालू असे. मी वाचलं. मुलगी कॉलेजच्या मंचावर उभी राहते, समतेवर बोलते, सभागृह टाळ्यांनी भरून जातं.

सळसळ थांबली.

"कवीबाई, हे कोण बोलून राहिली?"

"आपली मुलगीच की, ताई."

"जिले कंडक्टरले थांबवा म्हणता येत नाही, ती माईकवर?" ताई खळखळून हसल्या. "मधल्या पायऱ्या कुठं गेल्या? माह्या वर्गात असं गणित सोडवलं असतं तं अर्धे मार्क कापले असते."

"पण उत्तर बरोबर आलं ना?"

"पाठ केलेलं उत्तर आहे ते. आमच्या शाळेत एकानं असंच झकास भाषण दिलं होतं. खाली उतरून माह्या डब्याले हात नाही लावला." मग त्यांचा आवाज खाली आला. "असं नको पाठवू, बाई. हिले टाळ्या भेटल्या. वाटी तं जिन्यावर तशीच राहिली."

मी मंच खोडला. पुढच्या रविवारी नवं लिहून नेलं. मालकीण वडा पुढे करते, मुलगी संकोचून घेते, खाते.

"भिडेखातर कोणीही खाते," ताई म्हणाल्या. "मी नाही का तुही ती अळणी खिचडी खाल्ली?"

"मंग तिनं करायचं तरी काय?"

"मागू दे तिले. लाजरं माणूस मागते, तं खरंच पाहिजे असते म्हणून मागते."

त्या वाक्यानं सगळं दृश्य माझ्यापुढे उभं राहिलं, वासासकट. संध्याकाळ. खाली लाखोळीचे वडे तळले जात आहेत. लसणाचा, हिरव्या मिरचीचा, तापल्या तेलाचा वास जिन्याच्या एकेका पायरीवर रेंगाळत वर येतो आहे. मुलगी पुस्तक मिटते. कुणी बोलावलेलं नसताना पहिल्यांदा खाली उतरते. स्वयंपाकघराच्या दारात उभी राहते, पायाखाली फरशी गार, चेहऱ्यावर कढईची ऊब. एकदा जिन्याकडे वळून बघते. तरी ती म्हणते, "काकू, मले एक देता?" कढत वडा तोंडात टाकताच जीभ पोळते. ती थांबत नाही. "अजून एक?" मालकिणीचे डोळे भरून येतात.

पुढच्या रविवारी हे असंच लिहून नेलं आणि इथवर वाचून मी थांबले. प्रकरण जमलं, असं मला वाटलं होतं.

"हे डोळे पूस आधी," ताई म्हणाल्या.

"काहून?"

"पाणी कायले येईल तिच्या डोळ्यात? पोरीनं वडा खाल्ला, तं उपकार केले का? दिवसभर ऑफिस करून थकून आली ती बाई. ती म्हणल, तेल तापलं आहे, ये, बस, बाकीचे तूच सोड."

मी तिथेच, त्यांच्या ओट्यावर बसून ती ओळ खोडली. मालकीण आता पिठाचं भांडं मुलीकडे सरकवते. मुलगी बाह्या दुमडते, हात धुते, बोटं पिठात घालते. त्या घराचं ओलं, दाणेदार पीठ तिच्या नखांत जातं. पहिला वडा वेडावाकडा पडतो.

"हा वडा आहे का भंडारा जिल्ह्याचा नकाशा?" ताईंनी मालकिणीचं वाक्य परस्पर सांगून टाकलं आणि मी ते जसंच्या तसं उतरवून घेतलं. मुलगी हसते, आणि खालच्या मजल्यावरच्या रात्रीच्या जेवणातले सगळे वडे तीच तळते. त्यापुढे काही लिहावंसं वाटलं नाही.

"आता पाठव," ताई म्हणाल्या आणि निवडलेली डाळ भिजत घालायला आत गेल्या.