आईसाठी मऊ केलेली गाडी

आईच्या मणक्याला बारीक चीर गेली, तेव्हा डॉक्टर म्हणाले, बसायला हरकत नाही, फक्त हादरे नकोत. हे त्यांनी आमची गाडी न बघता सांगितलं. गाडी सतरा वर्षांची. नावाला ती घरच्यांसाठी. प्रत्यक्षात नानांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, मागची सीट काढून तिच्यात वर्षानुवर्षं टोमॅटोची क्रेटं वाहिली होती. मागच्या दोन्ही स्प्रिंगा पार बसल्या होत्या. खोडदच्या आमच्या वस्तीवरून निघालं की प्रत्येक खड्ड्यात मागची बाजू दणकन आदळायची.

आणि आईला जायचं होतं महाळुंगे पडवळला, थोरल्या बहिणीकडे. मावशीचं विसरणं वाढत चाललं होतं. "अजून तुमची सय काढती," मावसभाऊ फोनवर म्हणाला, "पन रोज एकेक मानूस इसरती. यायचं तर लवकर या." तेव्हापासून आई उठल्या उठल्या विचारायची, "झाली का रं गाडी?" भाड्याची गाडी आणतो म्हटलं तर नाना फुगले. दारात गाडी असताना बायकोला परक्याच्या गाडीतून न्यायचं, हे त्यांना मरेपर्यंत जमलं नसतं.

स्प्रिंगा मी आणणार होतो. माझ्या आधीच नाना नारायणगावला जाऊन घेऊन आले. अंगणात काम काढलं. पुढच्या चाकांना दगड लावले, मागची बाजू जॅकवर उचलून खाली ओंडके सरकवले. शॉकअपचे बोल्ट गंजून एकजीव झाले होते. ते सोडवता सोडवता दुपार झाली. शेवटी ॲक्सल खाली आला आणि जुनी स्प्रिंग हातात आली. नवी शेजारी धरली, तर तिची तार चांगलीच जाड, स्प्रिंग एकदम कडक.

"नाना, ही कसली आणली?"

"भारीतली. लोड घेनारी दे म्हनलं. धा क्रेटं टाकली तरी बसायची न्हाई."

"क्रेटं न्यायचीत का आईला न्यायचंय?"

नानांच्या लेखी चांगली वस्तू म्हणजे जास्त ओझं उचलणारी, आणि बायकोसाठी त्यांनी सगळ्यात चांगली आणली होती. मला ते कळत होतं, तरी मी पाना आपटलाच. दुकानदाराकडे मऊ स्प्रिंगा चार दिवसांनी येणार होत्या. जुन्या परत घालाव्यात, तर एकीचं टोक तुटलेलं निघालं. त्यात संध्याकाळी मावसभावाचा फोन आला. मावशीने त्या दिवशी सुनेलाच विचारलं होतं, तू कुणाची?

नव्याच बसवल्या. बैल उठताना आधी मागचं अंग वर काढतो, तशी गाडी दिसायला लागली. मागची सीट पुन्हा बसवून आईला फाटकापर्यंत फिरवून आणलं. एका दगडावरून चाक गेलं आणि तिने ओठ दाबून धरले. "काय न्हाई झालं," म्हणाली, पण उतरताना डोळे भरलेले होते.

नाना बराच वेळ ओट्यावर बसून राहिले. मग उठले ते थेट कांद्याच्या चाळीकडे. "रिकामा ट्रेलर उडतो," ते म्हणाले. "भरलेला कधी उडलाय का?"

डिकीत दोन गोण्या टाकल्या. आणि सत्तरी ओलांडलेला हा माणूस हादरा थेट पाठीला कळावा म्हणून आईच्या जागेवर पाय पोटाशी घेऊन आडवा झाला, डोळे मिटले. "चल, शाळेपुढच्या गतिरोधकावरनं ने." नेली. "अजून एक टाक." परत तोच गतिरोधक. बघणारे हसत होते, हसू देत. चौथ्या गोणीनंतर ते तसेच पडून राहिले आणि हळूच म्हणाले, "आता तिला सोसंल." त्या क्षणी माझा सगळा राग उतरला. फार प्रेम वाटलं त्यांचं.

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. मी इतकी सावकाश चालवली की ट्रॅक्टरवाल्यानेही हॉर्न मारून आम्हाला मागे टाकलं. मागे नाना आईचा हात धरून बसले होते. आईने एकदाही ओठ दाबले नाहीत.

मावशी आतल्या खोलीत खाटेवर पडली होती. तिने आईकडे खूप वेळ पाहिलं.

"कोन गं तू?"

आई कमरेवर हात ठेवून तशीच उभी राहिली. त्या जाड स्प्रिंगांपायी आमचा एक दिवस गेला, उशीर झाला, असं माझ्या मनात आलं, आणि नानांकडे बघवेना.

मावशी आईच्या कमरेवरच्या हाताकडे बघत होती. मग ती भिंतीकडे सरकली आणि खाटेवर थाप मारली.

"पाठ दुखती व्हय? पड हितं जरा. लांबनं आलीस."

आई तिच्याशेजारी आडवी झाली. मावशीने आपली गोधडी अर्धी तिच्या अंगावर ओढली.

दारातून नानांनी दबक्या आवाजात विचारलं, "वळखलं का?"

"न्हाई," आई म्हणाली. ती रडत होती आणि हसतही होती. "पर जागा दिली. तुमी बसा भाईर. आमी पडतो जरा."