निळ्या देठाची अळंबी

वैशालीने लॅपटॉप माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाली, "मॅडम, संपलं आपलं."

स्क्रीनवर थायलंडच्या संशोधकांचा ताजा पेपर होता. फोटोतली अळंबी मी लगेच ओळखली. पेठच्या डोंगरात, कुजलेल्या ऐनाच्या ओंडक्यावर वैशालीला सापडलेली तीच. नवी प्रजाती म्हणून आमचा पेपर त्याच आठवड्यात जायचा होता. पण नाव जो आधी छापतो, त्याचंच कायम राहतं.

मी नाशिकच्या एका कॉलेजात बुरशीशास्त्र शिकवते. वैशाली माझी पीएचडीची विद्यार्थिनी, पेठजवळच्या पाड्यावरची. तिचा अख्खा थीसिस या अळंबीवर उभा होता.

एचओडी सरांनी दोन्ही फोटो शेजारी लावले. "तुमचा देठ निळा, त्यांचा पांढरा. एवढा फरक पुरे की! वेगळी म्हणून पाठवा. पोरीचं नुकसान कशाला?"

सर कळवळ्याने बोलत होते. मलाही मोह झाला. पण आधी डीएनए जुळवायचं ठरलं. बुरशीच्या डीएनएचा एक ठरावीक तुकडा ओळखपत्रासारखा वापरतात. त्यांचा ऑनलाइन होता, आमचा तयार होता. जुळवणी वैशालीनेच केली.

"एकच आहे, मॅडम."

"मग निळा रंग?"

"कोवळेपणी असतो, दुपारपर्यंत उडतो. त्यांना जून झालेलीच मिळाली असणार."

"सर म्हणतात तसं पाठवायचं?"

"नको." तिने लॅपटॉप मिटला. "मला माहीत असताना कसं पाठवू?"

मी दोघींसाठी चहा मागवला.

मग थायलंडच्या मुख्य संशोधक बाईंना सगळं कळवलं. त्यांचं उत्तर लगेच आलं. कोवळी अळंबी त्यांनी कधी पाहिलीच नव्हती. एकत्र लिहू या, म्हणाल्या. वैशालीने प्रत्येक वयाची अळंबी जंगलातून आणल्या आणल्या नीट वाळवून ठेवली होती. त्यामुळे मायक्रोस्कोपखाली सगळं पुन्हा तपासता आलं. प्रजातीचं सुधारित वर्णन छापून आलं, त्यात लेखकांमध्ये पहिलं नाव वैशालीचं. थीसिसमधलं ते प्रकरण तिने नव्याने लिहिलं. पीएचडी झाली.

निकालाच्या दिवशी तिने माझ्यासमोरच वडिलांना फोन लावला.

"म्हंजे अळंबीला नाव त्यांनी दिलेलंच ऱ्हायलं?"

"हो, बाबा."

"मंग तू काय केलं?"

"ती लहानपणी कशी दिसते, ते जगाला सांगितलं."

"हां. ते त्यांना कुठून म्हाईत असणार?"

नवीन विद्यार्थ्यांना मी एवढंच सांगते: प्रजाती नवी निघणं आपल्या हातात नसतं. नमुना नीट वाळवणं असतं.